भाषा एक, पण वैरं जुनी
भाषा एक, तेव्हा स्पॅनिशभाषक देशांची लष्करी आघाडी सहज जमेल, हे मत काहीजण मांडतात, पण मला ते पटत नाही. फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात झालेलं १९८२ चं युद्ध आठवा. पेरूने अर्जेंटिनाला १० मिराज लढाऊ विमानं दिली. पण शेजारच्या चिलीने ब्रिटनला छुपी मदत केली. कारण १९७८ मध्येच दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या बीगल सामुद्रधुनीतल्या तीन बेटांवरून चिली आणि अर्जेंटिना युद्धाच्या उंबरठ्यावर पोचले होते. आणि स्पेन? लढाई पेटलेली असताना, ३० मे रोजी, ब्रिटन ज्यात होता त्याच नाटो या लष्करी आघाडीत सामील झाला!

सांस्कृतिक आघाडी मात्र खरोखर उभी आहे, आणि मला तिचं फार अप्रूप वाटतं. कोवळ्या मक्याच्या कणसाला मेक्सिकोत ‘एलोते’ म्हणतात, पेरूत ‘चोक्लो’. दोन्ही शब्द एकाच कोशात मानाने नांदतात, कारण १९५१ पासून या देशांच्या भाषा अकादम्यांची (भाषेचे नियम आणि कोश ठरवणाऱ्या संस्थांची) संयुक्त संघटना आहे.