हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सचे चित्र आणि आवाज आतल्या खोलीत कसे न्यावेत?

दारचा_प्राजक्त:
नमस्कार. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझे वडील सध्या आतल्या खोलीत असतात आणि संध्याकाळच्या बातम्यांसाठी हॉलपर्यंत येणे त्यांना जड जाते. म्हणून तिथे जुना ३२ इंची एचडी रेडी टीव्ही लावला आहे, परंतु सेट-टॉप बॉक्स एकच असून तो हॉलमधल्या ४के टीव्हीखाली आहे. भिंतीच्या कडेकडेने मोजले तर अंतर १४ मीटर भरते. एक स्प्लिटर (एकाच बॉक्सचे चित्र दोन टीव्हींना वाटून देणारी डबी) आणि १५ मीटरची स्वस्तातली एचडीएमआय केबल आणून पाहिली, तर दर दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा होतो आणि हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवरचे चित्रही पूर्वीपेक्षा भुरकट दिसते. शिवाय चॅनेल बदलायचे झाले की वडील मला हाक मारतात. बिनतारी साधन घ्यावे का?

तारांकित:
आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. पडदा काळा होतो तो केबलच्या लांबीमुळे. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलमधून ४के चित्र पाच-सात मीटरपलीकडे भरवशाने जात नाही, आणि १०८०पी, म्हणजे ४केपेक्षा कमी बारकाव्याचे चित्र, असले तरी १५ मीटरला केबल खरोखर चांगली लागते. चित्र भुरकट होण्याचे कारण स्प्लिटर आहे. प्रत्येक टीव्ही स्वतःची क्षमता बॉक्सला कळवत असतो, आणि दोन टीव्ही जोडले की बरेच स्प्लिटर दोघांना झेपेल असेच, म्हणजे आपल्या बाबतीत ३२ इंचीला झेपेल असे चित्र मागतात. एका टीव्हीला ४के चित्र तसेच ठेवून फक्त दुसऱ्यासाठी ते खाली उतरवणारा स्प्लिटर मिळतो, तो घ्यावा.

अंतरासाठी कॅट-६ नेटवर्क केबलवरून चालणारा एचडीएमआय एक्स्टेंडर, म्हणजे चित्र-आवाज लांबवर पोहोचवणारी डब्यांची जोडी, घ्यावा. एक डबी बॉक्सजवळ, दुसरी वडिलांच्या टीव्हीमागे आणि मध्ये एकच सलग केबल. थेट जोडणीच्या प्रकारात ही केबल राउटरमध्ये खोचायची नसते, हे मुद्दाम सांगतो, कारण मी ते करून अर्धा रविवार घालवला आहे. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही त्याच नावाने खपवली जाते. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढुरका धातू लगेच दिसतो. एचडीएमआयचे टोक पाऊण इंची पाइपच्या वळणात अडकते, तर नेटवर्क केबल आधी ओढून मग टोक बसवता येते, हा आणखी एक फायदा. मात्र विजेच्या २३० व्होल्टच्या तारा असलेल्या पाइपमधून ती ओढू नये, वायरमन कितीही आग्रह करो.

रिमोटसाठी इन्फ्रारेडची सोय असलेला एक्स्टेंडर मागावा. त्यासोबत दोन बारीक तारा येतात. रिमोटचा संकेत झेलणारा काळा डोळा वडिलांच्या टीव्हीजवळ ठेवायचा आणि संकेत सोडणारा दिवा हॉलमधल्या बॉक्सच्या खिडकीवर चिकटवायचा. बहुतेक जण नेमके हेच उलटे लावतात. आपला रिमोट ब्लूटूथवर चालत असेल तर मात्र ही युक्ती उपयोगाची नाही.

सदाफुली:
बिनतारी साधनाबद्दल माझा अनुभव फारसा चांगला नाही. एकाच खोलीत ते उत्तम चालले, परंतु काँक्रीटची भिंत आणि फ्रिज आड आल्यावर चित्र अडखळू लागले. केवळ आवाज दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल, तर ब्लूटूथमध्ये साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होऊन ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नाही, हेही लक्षात असावे.

जुनी_अँटेना:
एक शंका मांडतो. बॉक्स एकच असल्यामुळे दोन्ही खोल्यांत एकच चॅनेल दिसणार. घरात सर्वांची आवड सारखी असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे; नाही तर दुसरा बॉक्स घेणे सोपे. पूर्वी आम्ही आर. एफ. मॉड्युलेटर (चित्र-आवाज अँटेनाच्या संकेतात बदलणारी डबी) लावून भिंतीतल्या अँटेनाच्या केबलवरूनच चित्र पाठवत असू आणि आतला टीव्ही ३ किंवा ४ नंबरच्या चॅनेलवर लावत असू. ती युक्ती जुन्या टीव्हीवर आजही चालेल, परंतु चित्र जुन्या ६२५ रेषांच्या पद्धतीचे, म्हणजे मऊच येईल.

दारचा_प्राजक्त:
सर्वांचे आभार. तारांकित यांनी सांगितल्याप्रमाणे एक्स्टेंडर आणि नवा स्प्लिटर बसवला आणि केबल छताच्या पट्टीमागून नेली. मीसुद्धा डोळा आणि दिवा उलटे लावले होते! आता चित्र स्थिर आहे. दोन्ही टीव्हींच्या आवाजात किंचित अंतर पडून मधल्या बोळात शब्द दुहेरी ऐकू येत होते, ते आतल्या टीव्हीवर गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करून उशीर घटवणारी सोय) लावल्यावर बरेच कमी झाले. जुनी_अँटेना यांची शंका मात्र पहिल्याच संध्याकाळी खरी ठरली. वडिलांनी खोलीतून चॅनेल बदलले आणि हॉलमध्ये आईची मालिका ऐन भांडणात गेली. दुसऱ्या बॉक्ससाठी आज अर्ज केला आहे, आणि तो येईपर्यंत काळा डोळा आईने काढून ठेवला आहे.