मदत हवी आहे: जुन्या शेतांचे आडवे बांध दिसतच नाहीत

शिवारखुणा: बऱ्याच वर्षांत नांगर न लागलेल्या माळावर जुन्या शेतांचे बांध शोधतोय. ड्रोन उडवून झाला, चित्रं जोडून झाली. उभे बांध स्वच्छ दिसतात, आडवा एकही नाही. उपाय सांगा, गवत वाढायच्या आत पुन्हा उडवायचं की नाही ते ठरवायचंय.

मातीमोल: किती वाजता उडवलात? नुसता ऑर्थोफोटो, म्हणजे चित्रं जोडून केलेला सरळ वरून दिसणारा नकाशासारखा फोटो, आहे की उंचीचं मॉडेलही?

उपग्रहवेडा: ड्रोन सोडा. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली चित्रं १९९५ साली खुली झाली. यांत्रिक नांगरटीने पुसलेलं कितीतरी त्यांत शाबूत आहे.

मातीमोल: कोरोनाच्या सगळ्यात चांगल्या कॅमेऱ्यालाही साधारण दोन मीटरच्या खालचं दिसत नाही. वीतभर उंचवटा त्यात कुठून दिसणार?

उपग्रहवेडा: उंचवटा नसेल, रंग तर दिसतो! बुजलेल्या चरावर ओल टिकते, पीक हिरवं राहतं. गाडलेल्या दगडी बांधावर ते आधी पिवळं पडतं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ क्रॉफर्डने १९२०च्या दशकात विमानातल्या चित्रांवरूनच प्राचीन शेतं ओळखली.

मातीमोल: विमानातल्या! आणि इथे पीकच नाहीये.

शिवारखुणा: तुमचा वाद नंतर. मॉडेल आहे, त्याचंच हिलशेड, म्हणजे उंचीवर खोटा प्रकाश टाकून काढलेलं छायाचित्र, बघतोय. दुपारी उडवलं.

बांधबंदिस्ती: बांध टिकवायचा तर खालच्या अंगाला दाट मुळांचं गवत लावा आणि पाण्याला सांडवा ठेवा. माझे तसेच टिकलेत.

शिवारखुणा: मला बांध घालायचे नाहीत, शोधायचेत.

तिरपंऊन: हिलशेडला प्रकाश कुठून दिलाय? हात लावला नसेल तर बहुधा ३१५ अंश, म्हणजे वायव्येकडून. वायव्य-आग्नेय धावणारा बांध त्या प्रकाशाला समांतर जातो, त्याची सावलीच पडत नाही. तुमचे आडवे बांध त्याच दिशेचे आहेत का? दिशा ४५ अंश, म्हणजे ईशान्य, करा आणि हिलशेडमधला सूर्य १५-२० अंशांवर उतरवा. शिवाय स्काय व्ह्यू फॅक्टर, म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून किती आभाळ मोकळं दिसतं त्याचं चित्र, काढा. त्यात प्रकाश एकाच बाजूचा नसतो, त्यामुळे कुठल्याच दिशेचा बांध लपत नाही. पुन्हा उडवायची घाई नको, दुपारच्या उन्हाने मॉडेलमधल्या उंचीचं काही बिघडत नाही.

लायडारच: गवत असेल तर फोटोंवरचं मॉडेल शेंड्यांचं होतं, जमिनीचं नाही. लायडार, म्हणजे लेसरने उंची मोजणं, वापरलं तर त्याचे काही किरण फटींतून खाली पोचतात. गवत किती उंच आहे?

शिवारखुणा: घोट्याएवढं. ४५ अंशांवर दोन आडव्या रेघा आल्या! एक उभ्या बांधाला काटकोनात टेकून थांबते. दुसरी सगळे बांध कापत आरपार जाते. दोन्ही बांधच ना?

मातीमोल: आरपार जाणारी नंतरची असणार, गाडीवाट नाहीतर पाइपलाइन. दोन्हींचे काटछेद, म्हणजे रेघ आडवी कापून उंचीचे आलेख, काढा. गाडीवाट बहुधा मधे खोलगट निघते. उतारावरच्या बांधाला वरून माती साचते आणि खालच्या अंगाला एकदम पायरी पडते.

तिरपंऊन: थांबणारीबद्दलही घाई नको. नांगर वळतो तिथेही मातीची लांबट पट्टी साचते, पण ती रुंद आणि पसरट. ती रेघ उभ्या बांधाला टेकते तिथला काटछेद आधी टाका. माळाचा उतार कुठल्या दिशेला आहे, तेही लिहा.