शब्दचर्चा: चिंता ‘टाका’ की ‘सोडून द्या’?

गेल्या रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात १ पेत्र ५:७ वाचलं, म्हणजे बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचं सातवं वचन. ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ एका मुलीने विचारलं, ‘टाका’ का? कचरा टाकतात, कामं दुसऱ्याच्या अंगावर टाकतात. हे अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. ‘चिंता सोडून द्या’ चाललं नसतं का? प्रश्न रास्त होता आणि मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे मांडतो.

आधी आपली भाषा बघू. मराठीत चिंता ‘पडते’. ‘पोरीच्या फीची चिंता पडलीय’ असं आपण सहज म्हणतो. म्हणजे ती वरून आपल्यावर येऊन पडलेली असते. पडलेली वस्तू उचलून दुसऱ्यावर टाकता येते, त्यामुळे मला हे क्रियापद चपखल वाटतं. ‘टाकणे’ आणि ‘टाकून देणे’ यांत मात्र गल्लत नको. विश्वास टाकतो तेव्हा तो आपण फेकून देत नाही, तो कुणावर तरी असतो.

माझी आजी नगरकडच्या आमच्या गावी रानातून गवताचा भारा डोक्यावर आणायची. वाटेत ती तो खाली ठेवत नसे, कारण पुन्हा उचलून द्यायला कुणी नसायचं. फार तर उंच बांधाला टेकवून मान मोकळी करायची. गोठ्यापाशी आली की मान किंचित वाकवून भारा धप्पकन टाकायची, चुंबळ झटकायची आणि दोन्ही हातांनी मान चोळायची. ‘भारा टाकला’ म्हणायची. टाकून दिला, असं कुणी म्हणालं असतं तर हसली असती. तो गाईच्या पुढ्यात पोचला होता.

हे आठवलं ते बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्र ५५:२२ मुळे. ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’ असं तिथे आहे, आणि पेत्राने हेच वाक्य मनात धरलेलं दिसतं. मग स्तोत्रात ‘भार’ आणि पत्रात ‘चिंता’ कशी? मूळ हिब्रू शब्द येहाव. तो हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि ‘दिलेलं, वाट्याला आलेलं’ असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी मेरिम्ना, म्हणजे चिंता, हा शब्द आला आणि पेत्राने तोच घेतला. पेत्राचं पत्र मुळात ग्रीकमध्ये आहे. त्यातलं ‘टाकणे’साठीचं क्रियापद नव्या करारात दोनदाच येतं: एकदा इथे, आणि एकदा लूक १९:३५ मध्ये, येशूला बसवण्यासाठी शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात तिथे. अंगावरचं काढून दुसऱ्याच्या पाठीवर घालायचं, इतकी ती साधी हालचाल आहे.

आणखी एक बारकावा आपल्या भाषांतरात निसटतो. ग्रीकमध्ये पेत्राचं हे वचन स्वतंत्र वाक्य नाही, ते आधीच्या सहाव्या वचनाला जोडलेलं आहे. ‘देवाच्या हाताखाली लीन व्हा, चिंता त्याच्यावर टाकून’ असा अन्वय होतो. हे माझ्याच्याने वाहवत नाही, असं कबूल करणं हीच लीनता. त्या मुलीला अंग काढून घेतल्यासारखं वाटलं होतं, पण तसं असतं तर लगेच आठव्या वचनात ‘सावध असा, जागे राहा’ आलं नसतं. निश्चिंत आणि बेफिकीर यांत एवढं अंतर आहे.

आता उत्तरार्धाकडे. ‘काळजी घेतो’ इथे मूळ शब्द निराळा आहे, त्यात आस्था आहे, तुमच्याविषयी त्याला वाटतं असा भाव आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे ‘केअर’च येतो. मराठीने मात्र ‘चिंता’ आणि ‘काळजी’ असे दोन शब्द वापरले, आणि ‘काळजी’लाही दोन क्रियापदं असतात: काळजी करणे आणि काळजी घेणे. चिंता घेता येत नाही, काळजी घेता येते. मला ही आपल्या भाषेची फार मोठी देणगी वाटते.

वडिलांच्या बायपासच्या आदल्या रात्री मी रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. हेच वचन पुटपुटत होतो, पण छातीतली धडधड काही कमी होईना. शेवटी मोठ्याने म्हणालो, ‘प्रभू, हे तुझ्यावर टाकलं.’ शेजारचे गृहस्थ वळून बघायला लागले. त्यानंतर दोन तास झोप लागली. पहाटे उठून रक्ताच्या पिशवीसाठी रांगेत उभा राहिलो, फॉर्म भरले, आईला चहा आणून दिला. काळजी घेणं काही थांबलं नव्हतं.

‘सोपवा’ हा पर्यायही संघात सुचवला गेला. शब्द सुंदर आहे, प्रार्थनेत आपण तो नेहमी वापरतो. पण सोपवताना वस्तू नीट हातात दिली जाते, आणि त्या रात्री माझ्याकडे नीट देण्याइतकं त्राण नव्हतं. मी ‘टाका’च ठेवीन.

विदर्भात, कोकणात डोक्यावरचं ओझं उतरवण्याला कुठलं क्रियापद वापरतात? वसईकडच्या मंडळींनीही जरूर लिहावं.