भंगारातल्या मोटरी सीएनसी राऊटरला (संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या यंत्राला) चालतील का?

बुटीबोरी_फिटर:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीजवळ भंगारात तीन मोटरी दिसल्या.
अ) स्टेपर (दर पल्सला एक ठरावीक स्टेप फिरणारी), ५७ मिमी तोंड, सहा वायरी, स्टेपला १.८ अंश, माहितीच्या पट्टीवर १२ व्होल्ट ०.६ अँपिअर.
ब) ब्रशवाली डीसी सर्व्हो (आपली जागा तपासत फिरणारी), ९० व्होल्ट, मागे एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते सांगणारा).
क) एसी सर्व्हो, २०० व्होल्ट ७५० वॅट, शाफ्ट जाम.
बॉलस्क्रू (फिरून यंत्र सरळ सरकवणारा आट्यांचा दांडा) ५ मिमी पिचचा, म्हणजे फेरीला ५ मिमी, वेग ३००० मिमी प्रति मिनिट हवा, सप्लाय ३६ व्होल्ट. कोणती घ्यावी?

लेथ_नागपूर:
अ सोडा. १२ भागिले ०.६, म्हणजे अर्ध्या कॉइलला २० ओहम (सहा वायरीत प्रत्येक कॉइलच्या मधूनही एक वायर निघते). इतक्या रेझिस्टन्सच्या कॉइलला वेढे खूप, म्हणून इंडक्टन्सही (करंट बदलायला होणारा विरोध) जास्त. तुमचा वेग म्हणजे ६०० आरपीएम, सेकंदाला २००० स्टेप, एका स्टेपला अर्धा मिलिसेकंद. इंडक्टन्स ३० मिलीहेन्री धरला तर ३६ व्होल्टवर करंट ०.६ पर्यंत चढायलाच ०.६ मिलिसेकंद लागतात. करंट भरत नाही, टॉर्क पडतो, स्टेप सुटतात. सप्लायचा ठोकताळा: ३२ गुणिले मिलीहेन्रीचं वर्गमूळ. इथे तो १७५ व्होल्ट येतो. राऊटरला १ ते ३ ओहम आणि २ ते ४ मिलीहेन्रीची शोधा. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर खिशात ठेवूनच भंगारात जा, पट्टीवर इंडक्टन्स क्वचितच लिहिलेला असतो.

बुटीबोरी_फिटर:
दोन्ही अर्ध्या कॉइल सीरिजमध्ये जोडल्या तर?

लेथ_नागपूर:
आणखी बिघडेल भाऊ. वेढे दुप्पट झाले की इंडक्टन्स चौपट होतो.

कंट्रोल_पॅनल:
माझं मत ब ला. पट्टीवरचे ९० व्होल्ट ही वरची मर्यादा आहे, तेवढे द्यावेच लागतात असं नाही. शाफ्ट ड्रिलने ६०० आरपीएमला फिरवा आणि दोन वायरींवर डीसी व्होल्टेज मोजा. १८ आले तर त्या वेगाला १८ आणि वर वाइंडिंगमध्ये पडणारे थोडे, म्हणजे ३६ पुरतात. मग वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवा: एकसारखा जड लागला तर ठीक, मध्येच मोकळा सुटला तर कम्युटेटरची (ब्रश ज्यावर घासतात तो शाफ्टवरचा तांब्याचा भाग) पट्टी किंवा ब्रश गेला. कम्युटेटर तपकिरी चालतो, काळे जळके डाग नकोत. एन्कोडरला बहुधा ५ व्होल्ट लागतात, पण सर्किट पाहूनच द्या. शाफ्ट हळू फिरवताना एन्कोडरच्या ए आणि बी दोन्ही सिग्नल वायरींवर पल्स दिसले पाहिजेत. ५०० लाइनचा निघाला तर फेरीला २००० काउंट, म्हणजे ०.००२५ मिमी. मात्र स्टेपरचा ड्रायव्हर इथे चालणार नाही, एन्कोडर वाचणारा सर्व्हो ड्राइव्ह लागेल. त्यात करंट लिमिट आधी लावा, नाहीतर मोटर अडली की करंट उसळून मॅग्नेट कमजोर होतो.

क चा शाफ्ट जाम म्हणजे मोटर गेली असं नाही. आत ब्रेक असेल. त्याच्या दोन वेगळ्या वायरींना २४ व्होल्ट डीसी दिले की सुटतो. पण एन्कोडर सीरियल (साध्या पल्सऐवजी डेटा पाठवणारा) असेल तर जोडीचा ड्राइव्ह मिळाल्याशिवाय घेऊ नका.

लेथ_नागपूर:
ब ला माझाही होकार. पुढे चांगली स्टेपर मिळाली तर ती आतून साफ करायला उघडू नका. रोटर बाहेर काढला की मॅग्नेटचा जोर उतरतो आणि टॉर्क परत येत नाही. शिवाय मोटरींचं रेटिंग बहुधा ४० अंश हवेचं असतं, आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये त्याहून जास्त. करंट १० टक्के कमी ठेवला तर वाइंडिंगची उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते.