पिना डबीत ठेवल्या की पोरं अडकतात, हे कसं काय?

फोंडेकर_मास्तर: नववीच्या पोरांना कोडं घातलं, मेणबत्ती, काडेपेटी नि डबीभर पिना, मेणबत्ती भिंतीला लावायची पण मेण खाली सांडता नये. एका वर्गात पिना डबीतच दिल्या तर मेणबत्तीलाच टोचत बसले, दुसऱ्या वर्गात डबी रिकामी करून बाजूला ठेवली तर पाच मिनटांत डबी भिंतीला नि वर मेणबत्ती उभी! सामान तेच ना?

म्हापशेकरीण: मास्तर, हे कार्ल डुंकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं जुनं कोडं, इंग्रजीत 1945 ला आलं. पिना आत असल्या की डबी म्हणजे पिनांचं भांडं एवढंच डोकं धरून बसतं. डबीवर नुसतं 'डबी' लिहून चिकटवलं तरी जास्त जणांना सुटतं म्हणे, ग्लक्सबर्ग नि वाइजबर्गने 1966 ला करून बघितलंय.

डिचोलीचो_भाव: आमच्याकडे चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना सुंभ संपलं, सगळे बाजारात पळायच्या तयारीत, आजीने केर म्हणून टाकलेलं केळीच्या खोडाचं सोपट उचललं नि त्याच्या दोऱ्या काढल्या. केरात होतं ना, म्हणून आम्हाला दिसलंच नाही.

फोंडेकर_मास्तर: भारी! उद्या तिसऱ्या वर्गावर नाव चिकटवून बघतो, पण अर्ध्या पिना पोरांनी लंपास केल्यात.