पाणी, प्रकाश आणि नॅनोवाहिन्या: आपल्या नद्यांवर ही वीज चालेल का?

घटप्रभाकाठ (गोकाक)
पुतणीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरायचाय. तिला नॅनोवाहिन्यांतून, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिबारीक नळ्यांतून, पाणी सोडून, वर प्रकाश टाकून वीज काढायचीय. गाईड म्हणतात, हे लाड सोड, सोलर पंप कर. मी पुतणीच्या बाजूचा.

काच किंवा सिलिकॉन पाण्यात गेलं की त्याच्या पृष्ठभागावर ऋणभार येतो आणि पाण्यातले धन आयन (धनभार असलेले कण) त्याला लगटून राहतात. वाहिनी पुरेशी अरुंद असली की दोन्ही भिंतींजवळचे थर एकमेकांना भिडतात, आत बहुतेक धन आयनच उरतात. मग पाणी सरकलं की भारही सरकतो, म्हणजे वीज वाहते. भिंत अर्धवाहकाची (सेमीकंडक्टरची) असेल तर प्रकाशानं तिच्यावरचा भार वाढवता येतो. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठात 2019 साली मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पडद्यातल्या एका छिद्राच्या अलीकडं खारं, पलीकडं गोडं पाणी ठेवलं, म्हणजे आयन खाऱ्याकडनं गोड्याकडं सरकतात, आणि मंद लेसर टाकला, तर मिळणारी शक्ती दुप्पट झाली.

त्याच वर्षी ऑगस्टात घटप्रभा-मलप्रभेच्या पुरानं आपली काय दशा केली ते सांगायला नको. पुलापुलावर पाण्याची पातळी कळवणारे, अशाच विजेवर चालणारे बिनबॅटरीचे सेन्सर असते तर?

उद्यमबागचा फिटर
दादा, प्रयोगाला ना नाही, पण आधी हिशोब करूया की. गोकाकचा धबधबा 52 मीटर. हजार लिटर पाणी तिथनं पडलं की ऊर्जा मिळते सगळी मिळून 0.14 युनिट. चांगलं टर्बाइन त्यातलं 85-90 टक्के काढतं, त्यावर 9 वॉटचा बल्ब तेरा-चौदा तास जळतो. नॅनोवाहिनीत नुसत्या दाबानं पाणी ढकलून नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या लोकांनी 2007 मध्ये सुमारे 3 टक्के काढले. तोच बल्ब अर्धा तासही जळायचा नाही. धबधब्याशेजारचं वीजघर शतकाहून जुनं आहे, त्याला कुणी नॅनो शिकवायला जायला नको.

आणि गाळाचं काय? आमच्या हायड्रॉलिक्सच्या कामात दहा मायक्रॉनचा फिल्टर चोंदला तरी सिलिंडर अडकतोय. श्रावणात घटप्रभेचं पाणी चहासारखं असतंय. ते नॅनोमीटरच्या भोकातनं कोण गाळून देणार?

मार्कंडेय
फिटर अण्णांचा हिशोब बरोबर, पण तो पडणाऱ्या पाण्याचा. बाष्पीभवनाचा बघा. एक किलो पाणी 52 मीटर पडलं तर अर्धा किलोज्यूल. तेच वाफ होऊन उडायला सुमारे 2,400 किलोज्यूल घेतं, आणि ते देतं कोण, तर ऊन आणि हवा. सच्छिद्र थराचं एक टोक पाण्यात, दुसरं हवेत. वरून पाणी उडतं, खालचं आपोआप वर चढतं आणि त्याच्याबरोबर भारही, पंप नको की धबधबा नको. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी काजळीच्या सेंटिमीटरभर पट्टीवर असा एक व्होल्टपर्यंत दाब मिळवला. यात पाण्याचा प्रवाह नुसता वाहक आहे. खरी ऊर्जा वरनं येते. धाग्यात ‘नद्यांवर’ म्हटलंय तिथंच निम्मी चर्चा वाट चुकलीय.

उद्यमबागचा फिटर
ऊनच घ्यायचं तर सरळ सोलर प्लेट लावा की! चौरस मीटरला भर दुपारी 200 वॉट. तुमच्या पट्टीचा व्होल्ट सांगितलात, करंट सांगितला नाही. का ते मला ठाऊक आहे.

खानापूर जंगलातून
पुलावरच्या सेन्सरचं तर विसराच. आमच्याकडं कणकुंबीला जुलैत भिंतींना पाझर फुटतो, टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही. हवाच पाण्यानं भरलेली असताना बाष्पीभवन कुठनं व्हायचं? म्हणजे पुराची खबर हवी त्याच आठवड्यात तुमचं यंत्र गप्प. प्रकाशाची मदत म्हणाल तर तेव्हा सूर्यही नसतो.

घटप्रभाकाठ (गोकाक)
हा मुद्दा लागला. पण बेळगाव जिल्हा म्हणजे नुसता खानापूर नाही. अथणी-रायबागकडं मार्च-एप्रिलची हवा बघा, घागर उघडी ठेवली तर पाणी कमी झालेलं दिसतं. तिथं उसाच्या सरीत ओल मोजणाऱ्या सेन्सरला मायक्रोवॉटही बस्स होतात. मोटारीला थ्री फेज मिळते रात्री दोनला. ओल किती आहे ते मोबाइलवर कळलं तर माणूस रात्री उठायचा तरी वाचेल.

अथणीचा ऊसवाला
कळवळ्याबद्दल आभारी आहे, पण आमच्या बोअरचं पाणी एकदा उकळून बघा. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर चढतोय, कोयत्यानं खरवडावा लागतोय. तुमच्या पट्टीच्या टोकाला पाणी उडून जाणार आणि क्षार तिथंच बसणार. दुसरं म्हणजे, क्षार जास्त असले की भिंतीजवळचा तो आयनांचा थर आकसतो. अगदी शुद्ध पाण्यात तो शेकडो नॅनोमीटर असतो, जड पाण्यात दोन-चार. मग वाहिनीही तेवढीच बारीक हवी आणि ती आधी चोंदणार. रात्री दोनला मी उठतो, उठत राहीन. मला लाईट दिवसा द्या म्हणून सांगा कुणाला तरी.

मार्कंडेय
ईपीएफएलच्याच दुसऱ्या गटानं सिलिकॉनच्या नॅनोखांबांवर खाऱ्या पाण्यातही वीज घेतलीय. क्षार म्हणजे लगेच खेळ खलास असं नाही.

अथणीचा ऊसवाला
लॅबमधल्या खाऱ्या पाण्यात नुसतं मीठ असतंय साहेब. आमच्यात चुना आहे. मीठ धुतलं की जातं.

घटप्रभाकाठ (गोकाक)
मग पुतणीनं तेच मोजावं ना! बोअरचं, कॅनॉलचं आणि पावसाचं पाणी घ्यायचं, तीन पट्ट्या उन्हात, तीन सावलीत, आणि कुठली कधी मरते ते लिहायचं. सोलर पंपाचे प्रोजेक्ट दरवर्षी पासरीभर निघतात, त्यात तिच्या हाताला काय लागणार? गाईडना मी हेच सांगणार आहे.

उद्यमबागचा फिटर
सांगा. फक्त पट्टीच्याच मापाचा एक सोलर सेल शेजारी ठेवायला लावा, आणि करंट लिहायला लावा, नुसता व्होल्ट नको. पट्ट्यांचा स्टँड आमच्या शॉपमध्ये फुकट करून देतो.