मदत हवी आहे: क्षेत्र बदललेला माणूस नव्या कामात किती रुळला, हे मोजायचं कसं?

मंडळी, एम. ए.च्या प्रकल्पात अडकले आहे. विषय वरचाच. सॅविकस आणि पोर्फेली या संशोधकांची २०१२ सालची 'करिअर अ‍ॅडॅप्ट-अ‍ॅबिलिटीज स्केल' घेतली आहे, म्हणजे कामातल्या बदलांशी जुळवून घ्यायची क्षमता मोजणारी मोजपट्टी. २४ विधानं, सहा-सहांचे चार गट: पुढचा विचार, सूत्रं आपल्या हाती असणं, कुतूहल, आत्मविश्वास. प्रत्येक विधानातली क्षमता आपल्यात किती मुरली आहे, ते पाचांपैकी एका पर्यायावर खूण करून सांगायचं.

भाषांतरातच पहिली ठेच लागली. पहिल्या गटाच्या 'कन्सर्न' या मूळ नावासाठी मी 'भविष्याची काळजी' लिहून बसले. एका काकांनी सर्वांत खालच्या पर्यायावर ठसठशीत खूण केली आणि वर सांगितलं, "मी काळजी करत बसणाऱ्यातला नाही!" गुण सर्वांत कमी, माणूस मात्र पुढच्या पाच वर्षांचा आराखडा खिशात घेऊन फिरणारा. तो शब्द बदलला.

खरी अडचण पुढे आहे. हिशेबाचं काम सोडून शिकवायला लागलेल्या एक ताई फॉर्म भरताना मध्येच थांबल्या. पेन्सिल कागदावर तशीच. म्हणाल्या, "आधीची मी लिहू की आताची?" मला उत्तर देता आलं नाही. बदलाआधीचे गुण माझ्याकडे कुणाचेच नाहीत. शिवाय बहुतेकांनी स्वतःला वरचेच पर्याय दिलेत, त्यामुळे फरक दिसतच नाही. काय करू?

प्रतिसाद १: आधी एक घोळ निस्तरा. ही मोजपट्टी माणसाजवळची शिदोरी मोजते, तो मुक्कामाला पोचला का ते नाही. रुळणं वेगळं मोजा: कामातलं समाधान, सोडून जायचा विचार, जमलं तर वरिष्ठांचं मत. आणि ताईंना दोन्ही भरायला सांगा, आधी 'आताची मी', मग आजच्या नजरेतून 'तेव्हाची मी'. आठवणीवर सगळी भिस्त राहते, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा.

धागाकर्ती: शिदोरीचं पटलं, मी दोन्ही एकच धरून चालले होते. पण 'तेव्हाची मी' भरताना लोक मुद्दाम स्वतःला कमी लेखणार नाहीत का, आपण किती पुढे आलो हे दाखवायला?

प्रतिसाद १: लेखतात. म्हणून तर क्षेत्र न बदललेल्या काही जणांकडूनही तसेच दोन फॉर्म भरून घ्या. त्यांचाही 'तेव्हा' तितकाच खाली गेला, तर तो फरक बदलाचा नाही.